शब्दसूचीची कसोटी

ग्रंथसंग्रह लहान असतो तोवर त्याची सूची ग्रंथपालाच्या डोक्यात असते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकतो. संग्रह वाढला, माणसे बदलली, दोनतीन पिढ्या उलटल्या, की ही स्मृती पुरेनाशी होते आणि ग्रंथालयापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहतो : ग्रंथ आहे, पण तो आहे हे कळण्याची वाट नाही. वाळवीने खाल्लेला ग्रंथ आणि सूचीतून निसटलेला ग्रंथ, यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही. पहिल्याची निदान हळहळ होते. दुसऱ्याची तीही होत नाही, कारण तो हरवला आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

आज अनेक जुन्या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या आणि तालिकापत्रे संगणकात गेली आहेत. शब्द टंकित करावा आणि क्षणार्धात नोंदी पडद्यावर याव्यात, ही सोय आता नवलाची राहिलेली नाही. परंतु या सोयीमागे जी शब्दसूची उभी असते, ती खरोखर सर्व काही शोधून देते काय, हे कोणी आणि कसे तपासावे? वरवर पाहता हा प्रश्न यंत्रज्ञांचा वाटतो. त्याचा इतिहास पाहू गेल्यास मात्र असे दिसते, की तो मुळात ग्रंथपालांनी उभा केला आणि त्याचे पहिले शास्त्रशुद्ध उत्तरही एका ग्रंथपालानेच शोधले.

शब्दाकडून ग्रंथाकडे

ग्रंथात शब्द असतात. सूचीत उलटे असते. तेथे शब्दापासून आरंभ होतो आणि शब्द कोठे कोठे आला, ती स्थाने त्याच्यापुढे मांडलेली असतात. म्हणूनच संगणकशास्त्रात हिला उलट सूची असे म्हणतात. कल्पना मात्र संगणकाहून कित्येक शतके जुनी आहे. आपल्याकडे वेदांच्या अनुक्रमणी रचल्या गेल्या. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे प्रतीक, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे. युरोपात तेराव्या शतकात पॅरिस येथील डोमिनिकन साधूंनी सेंट शेरच्या ह्यू याच्या मार्गदर्शनाखाली लॅटिन बायबलची शब्दसूची सिद्ध केली. या कामी शेकडो साधू राबले, असे परंपरा सांगते. १७३७ साली अलेक्झांडर क्रूडन याने इंग्रजी बायबलची शब्दसूची प्रसिद्ध केली, ती मात्र एकट्याच्या परिश्रमाने.

विसाव्या शतकात मॉरिस ब्लूमफिल्ड यांची वैदिक मंत्रसूची १९०६ मध्ये निघाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली आणि लगोलग १९६७ ते १९७२ या काळात डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली तिची प्रतीकसूची सहा खंडांत प्रसिद्ध झाली. आठवणीत असलेल्या एखाद्या श्लोकचरणावरून मूळ स्थळ गाठण्याची सोय तिने अभ्यासकांना करून दिली. अशा सूचीत एखादी नोंद सुटली, तर ती सुटल्याचे कळावयाला दुसऱ्या एखाद्या चिकित्सक डोळ्याची वाट पाहावी लागे. सूचीची परीक्षा म्हणजे मुद्रितशोधन, एवढाच तोपर्यंतचा समज होता.

यंत्राचा प्रवेश झाला तो १९४९ मध्ये. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूंनी आय.बी.एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची अमेरिकेत भेट घेतली आणि सेंट थॉमस अक्विनस याच्या समग्र लॅटिन वाङ्मयाची शब्दसूची छिद्रपत्रांच्या यंत्रावर करण्याचा संकल्प बोलून दाखविला. एक कोटीहून अधिक शब्दांची ही सूची पुढे १९७० नंतरच्या दशकात छप्पन खंडांत मुद्रित झाली. १९५८ च्या सुमारास आय.बी.एम.मधीलच हान्स पीटर लून यांनी लेखांच्या शीर्षकांतील प्रत्येक महत्त्वाचा शब्द त्याच्या मागच्यापुढच्या शब्दांसह आपोआप अकारविल्हे मांडणारी सूची प्रचारात आणली. शब्द गोळा करण्याचे कष्ट यंत्राने उचलले. अशा सूचीवर कितपत विसंबावे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

क्रॅनफिल्डचा ग्रंथपाल

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय अहवालांचा पूर आला आणि त्यांची सूची कशी करावी यावरून ग्रंथपालांत पक्ष पडले. कोणी दशांश वर्गीकरणाच्या बाजूचे, कोणी विषयशीर्षकांच्या. अमेरिकेत मॉर्टिमर टॉब यांनी असा विचार मांडला, की क्लिष्ट वर्गीकरण नको, लेखातले सुटे शब्द घ्यावेत आणि त्यांच्याच सूचीवर भागवावे. भारतात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केले होते आणि विषयाचे विविध पैलू वेगळे करून ते पुन्हा जोडण्याच्या त्यांच्या पद्धतीने इंग्लंडमधील अनेक ग्रंथपाल भारावून गेले होते. प्रत्येक पक्षाचा आपल्या पद्धतीवर विश्वास होता. पुरावा कोणाजवळच नव्हता. १९५३ मध्ये अमेरिकेत पंधरा हजार अहवाल आणि ९८ प्रश्न घेऊन दोन पद्धतींची तुलना करण्याचा प्रयत्न झाला. पण कोणता अहवाल कोणत्या प्रश्नाचे योग्य उत्तर आहे, याविषयीच दोन्ही गटांचे एकमत होईना आणि ती तुलना निर्णयाविना संपली.

अशा वेळी इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन पुढे आले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने १९५७ च्या सुमारास त्यांनी जो प्रयोग आरंभिला, तो या क्षेत्रातला पहिला मोठा प्रयोग मानला जातो. विमानविद्येवरील १८,००० लेख निवडून त्यांची चार निरनिराळ्या पद्धतींनी सूची करण्यात आली : सार्वत्रिक दशांश वर्गीकरण, वर्णानुक्रमी विषयशीर्षके, पैलूंवर आधारलेले वर्गीकरण आणि टॉब यांचे सुटे शब्द. नंतर १,२०० प्रश्न घेऊन प्रत्येक सूचीतून योग्य लेख मिळतो की नाही, हे पाहिले गेले. १९६२ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. चारही पद्धतींना शंभरपैकी ७४ ते ८२ च्या दरम्यान यश मिळाले होते आणि त्यांतल्या त्यांत सुटे शब्द किंचित पुढे होते. अपयशाची कारणे एकेक करून तपासली, तेव्हा मोठा वाटा पद्धतीच्या दोषाचा नसून सूची करणाऱ्यांच्या हातून झालेल्या चुकांचा निघाला.

या प्रयोगावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती. प्रश्न संग्रहातील लेख पाहूनच तयार केलेले होते; तेव्हा ज्या लेखावरून प्रश्न निघाला तोच लेख उत्तरादाखल मिळाला, यात विशेष ते काय? वाचक ग्रंथालयात येतो तो पुस्तक पाहून नव्हे, तर मनात एखादी शंका घेऊन येतो. क्लेव्हरडन यांनी ही टीका मनावर घेतली आणि दुसरा प्रयोग बेताचा पण अधिक काटेकोर केला. या वेळी लेख केवळ १,४०० होते. प्रश्न मात्र संशोधकांकडूनच मागविले : ज्या शंकेपोटी तुम्ही आपला शोधलेख लिहिला, ती शंका कळवा. सव्वादोनशेच्या आसपास प्रश्न निवडले गेले. विमानविद्येच्या विद्यार्थ्यांनी संपूर्ण संग्रह चाळून प्रत्येक प्रश्नाला उपयुक्त वाटणारे लेख वेचले आणि अखेरचा निवाडा प्रश्नकर्त्याने स्वतः केला. म्हणजे परीक्षा घेण्यापूर्वीच उत्तरपत्रिका सिद्ध होती. १९६६ मध्ये आलेल्या अहवालाने जाणकारांना चकित केले. लेखातील साध्या, सुट्या शब्दांची सूची ही काळजीपूर्वक बांधलेल्या परिभाषांहून सरस ठरली होती. खुद्द क्लेव्हरडन यांनाही असा निकाल अपेक्षित नव्हता.

या निकालाइतकीच महत्त्वाची होती त्याची मोजपट्टी. शोधाची प्रतवारी दोन अंगांनी करावयाची असे ठरले. एक प्राप्ती : जे मिळावयास हवे होते त्यांतले किती मिळाले. दुसरे नेमकेपण : जे मिळाले त्यांतले कामाचे किती. समजा, शिवकालावरील वीस पुस्तके संग्रहात आहेत. शोधाअंती पंचवीस नोंदी आल्या आणि त्यांतल्या पंधराच शिवकालाच्या निघाल्या. येथे प्राप्ती वीसपैकी पंधरा, म्हणजे ७५ टक्के. नेमकेपण पंचवीसपैकी पंधरा, म्हणजे ६० टक्के. जाळे मोठे टाकले की मासे अधिक मिळतात आणि शेवाळही अधिक येते. बारीक टाकले की शेवाळ कमी, पण मासेही निसटतात. सर्वसाधारणपणे एक वाढले की दुसरे घटते, हेही क्रॅनफिल्डने दाखवून दिले.

वकिलांचा भ्रम

या दोन मोजमापांत एक मोठा भेद आहे आणि साऱ्या विषयाचे मर्म त्यातच दडलेले आहे. नेमकेपण वाचकाला दिसते, कारण निरुपयोगी नोंदी त्याच्या डोळ्यांपुढे असतात. प्राप्ती मात्र दिसत नाही, कारण जे आलेच नाही ते पाहणार कसे?

याचा विदारक प्रत्यय १९८५ मध्ये आला. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या अमेरिकन संशोधकांनी एका मोठ्या दाव्यातील कागदपत्रांच्या शोधाची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ४०,००० दस्तऐवज, सुमारे साडेतीन लाख पृष्ठे, आणि त्यांतला प्रत्येक शब्द आय.बी.एम.च्या स्टेअर्स या प्रणालीत सूचीबद्ध. वकील आणि त्यांचे साहाय्यक समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा शोध घेत होते. आपल्याला उपयुक्त कागदांपैकी निदान ७५ टक्के मिळालेच पाहिजेत, अशी त्यांची अट होती आणि तेवढे मिळाले अशी त्यांची खात्रीही होती. संशोधकांनी न मिळालेल्या कागदांतून नमुने काढून तेच वकिलांपुढे ठेवले आणि हिशेब मांडला, तेव्हा प्रत्यक्ष प्राप्ती सरासरी २० टक्क्यांच्या घरात निघाली.

दोष यंत्राच्या वेगाचा नव्हता, तसाच तो सूचीच्या अपुरेपणाचाही नव्हता. दोष भाषेच्या समृद्धीत होता. जिला एक पक्ष ‘अपघात’ म्हणे, तिला दुसरा पक्ष ‘घटना’, ‘प्रसंग’, ‘अडचण’ असे काही म्हणे. आणि कित्येक पत्रांत तर ती गोष्ट नाव न घेताच सूचित केलेली असे. शोधणाऱ्याने आपल्या मनातला शब्द टंकित केला, लिहिणाऱ्याच्या मनातला नव्हे.

कोष्टकांच्या घरात शब्दसूची

याच सुमारास दुसरा एक प्रवाह वेगाने वाढत होता. आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे परस्परसंबद्ध कोष्टकांच्या माहितीसंग्रहाची, उपपत्ती मांडली. ग्रंथालयाच्या उदाहरणाने ती सहज समजते. ग्रंथांचे एक कोष्टक, लेखकांचे दुसरे, सभासदांचे तिसरे आणि देवघेवीचे चौथे. दाखलांक आणि सभासद क्रमांक यांच्या धाग्यांनी ती एकमेकांशी जोडलेली. अमुक सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत, या प्रश्नाला अशी व्यवस्था चोख उत्तर देते. तिच्या नित्याच्या सूची दूरध्वनीच्या पुस्तिकेसारख्या आरंभापासून क्रमाने लावलेल्या असतात. म्हणून शीर्षकाचा पहिला शब्द ठाऊक असला की काम झटपट होते. मधलाच शब्द ठाऊक असला तर बिचाऱ्या यंत्राला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे कोष्टक वाचावे लागते.

ही उणीव भरून काढण्याकरिता कोष्टकांच्या घरात जुनी उलट सूची नव्याने नांदावयास आली. मायक्रोसॉफ्टच्या एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये ती १९९८ च्या सातव्या आवृत्तीत आली. मायएसक्यूएलमध्ये २००० साली आली. पोस्टग्रेसमध्ये ओलेग बार्तुनोव्ह आणि तेओदोर सिगायेव्ह या रशियन तंत्रज्ञांनी तयार केलेली जोडणी २००८ च्या ८.३ या आवृत्तीत मूळ प्रणालीचा भाग झाली. तिला फुल टेक्स्ट इंडेक्स असे नाव आहे. आता ग्रंथाचे शीर्षक, प्रस्तावना, सारांश, किंबहुना सबंध मजकूर शब्दशः शोधता येऊ लागला.

तिची परीक्षा घेताना मात्र नवख्या तंत्रज्ञांची जी फजिती होते, ती मोठी बोधप्रद आहे. चाचणीसाठी माणूस सहसा दोनतीन ओळींचे लहानसे कोष्टक करतो. मायएसक्यूएलच्या जुन्या पद्धतीत निम्म्या किंवा त्याहून अधिक ओळींत येणारा शब्द ‘सर्वत्र आढळणारा, म्हणून निरर्थक’ समजून वगळला जाई. तीन ओळींपैकी दोहोंत ‘ग्रंथ’ असला, की ‘ग्रंथ’ शोधल्यावर उत्तर येई : काही नाही. यंत्र नियमाप्रमाणे वागत होते. परीक्षाच चुकीची होती. या नियमामागे एक थोर विचारही होता. केंब्रिज येथील करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखविले होते, की जो शब्द थोड्या लेखांत येतो तो अधिक बोलका आणि जो सर्वत्र येतो तो मुका. तो विचार लाखो लेखांच्या संग्रहात खरा ठरतो. तीन ओळींत त्याचे विडंबन होते.

दुसरी अडचण काळाची. डेटाबेसमधील व्यवहार पक्का होईपर्यंत नवी नोंद कच्ची समजली जाते. चाचणी घेणारे पुष्कळदा नोंद करतात, शोध घेतात आणि मागे घाण राहू नये म्हणून व्यवहार रद्द करून टाकतात. पण मायएसक्यूएलच्या इनोडीबी या भांडारात, जेथे ही सोय २०१३ च्या ५.६ या आवृत्तीपासून आली, शब्दसूचीत नवी नोंद व्यवहार पक्का झाल्यावरच दिसते. मग नोंद कोष्टकात आहे, शोधात नाही, असा चमत्कार घडतो. एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये सूची भरण्याचे काम मागाहून, पडद्याआड चालते. म्हणून नोंद होताच घेतलेला शोध रिकामा जाऊ शकतो. आलेले पुस्तक फळीवर लागले, पण त्याचे तालिकापत्र अजून लिहून झालेले नाही, अशातलाच हा प्रकार आहे.

तिसरी अडचण शब्दांच्या लांबीची. फार आखूड शब्द सूचीत घेऊ नयेत, असा संकेत इंग्रजीच्या अनुभवावरून पडला. इनोडीबीत मूळ नेमणुकीनुसार तिनाहून कमी अक्षरचिन्हांचे शब्द गळतात. इंग्रजीत त्याने फारसे बिघडत नाही. मराठीत मात्र ‘मन’, ‘घर’, ‘जग’, ‘रस’, ‘वन’ हे सारे दोनच चिन्हांचे शब्द आहेत! ही मर्यादा बदलता येते; पण ती आहे हे ज्याला ठाऊक तोच बदलणार, आणि ठाऊक होण्यासाठी कोणीतरी ‘घर’ हा शब्द शोधून पाहिलेला असला पाहिजे.

मराठीची परीक्षा

येथून हा विषय परका राहत नाही. मराठी नाम विभक्तीचा प्रत्यय घेताना बहुधा आपले रूपही पालटते. घर, घरात, घराला, घरांमधून. हे एक वेळ सोपे. पण देऊळ आणि देवळात, मूल आणि मुलांना, पाणी आणि पाण्यावर, वीट आणि विटेवर, यांत नुसता प्रत्यय छाटून मूळ शब्द हाती लागत नाही. न छाटावा तर ‘देऊळ’ शोधणाऱ्याला ‘देवळांचा इतिहास’ मिळणार नाही. अधिक छाटावा तर ‘मराठा’, ‘मराठी’ आणि ‘मराठे’ एकाच खुंटाला बांधले जातात. ‘पुण्याचा’ या एका रूपात तर पुणे शहर आणि पुण्य दोन्ही एकत्र नांदतात. तेथे केवळ शब्द पाहून कोणत्याही यंत्राला निवाडा करता येणार नाही.

लेखनाचे वैविध्य हा दुसरा भाग. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीचे ग्रंथ ‘नाहीं’, ‘केलें’, ‘साधनें’ अशा अनुस्वारयुक्त लेखनात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. नोंद मुखपृष्ठाबरहुकूम केली आणि वाचकाने आजच्या रीतीने ‘साधने’ असे टंकित केले, तर संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ यांचीही तीच कथा.

तिसरा भाग डोळ्यांना दिसतच नाही. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरी पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर अशा अक्षरसंचांत टंकित होत राहिला, की पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटात रोमन चिन्हे असत. युनिकोडमध्येही वाटा एकाहून अधिक आहेत. ‘तऱ्हा’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही दिसतात सारखेच. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वी तो ‘अ’वर चंद्र ठेवून लिहीत, अजूनही काहीजण लिहितात. शब्द कोठे संपतो हे ठरविणारी काही यंत्रणा तर मात्रेला अक्षर न समजता तेथेच शब्द तोडते, आणि ‘विनोद’ या शब्दाचे तुकडे होऊन सूचीत पडतात. रोमन लिपीच्या चाचणीत हे दोष कधीही उघडकीस येणार नाहीत.

समाधानाची बाब अशी, की मराठीसाठी क्रॅनफिल्डच्या धर्तीची कसोटी निर्माण झालेली आहे. अमेरिकेत १९९२ पासून ट्रेक या नावाने मोठ्या संग्रहांवर शोधपद्धतींच्या सामुदायिक परीक्षा होऊ लागल्या. सर्व लेख तपासणे तेथे अशक्य होते. म्हणून निरनिराळ्या पद्धतींनी अग्रक्रमाने दिलेली उत्तरे एकत्र करावयाची आणि तेवढ्यांचाच निवाडा माणसांकडून करवून घ्यावयाचा, ही रीत रुळली. त्याच आदर्शावर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये फायर हा उपक्रम सुरू झाला. त्यात बंगाली आणि हिंदीबरोबर मराठीही होती. मराठी वृत्तपत्रांतील सुमारे एक लाख लेख, पन्नास प्रश्न आणि माणसांनी दिलेले निवाडे, अशी ती कसोटी होती. मराठी शब्दांची रूपे एकत्र आणण्याच्या निरनिराळ्या युक्त्यांनी शोधात किती भर पडते, याची मोजदाद त्यामुळे अंदाजाऐवजी आकड्यांनी होऊ लागली.

ग्रंथालयाचे काम

मात्र वृत्तपत्रांवरची कसोटी शंभर वर्षांच्या ग्रंथसंग्रहाला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या संग्रहाची परीक्षा ज्याची त्यानेच घ्यावयाची असते, आणि महाराष्ट्राबाहेर मराठी ग्रंथ जतन करणाऱ्या संस्थांना तर हे टाळता येण्यासारखे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, ते ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था उभारण्यासाठी. अशा जुन्या केंद्रांतील कपाटांत एखाद्या ग्रंथाची शेवटची प्रतही असू शकते. ती शोधात आली नाही, तर वाचक दुसरीकडे जाणार नाही. असा ग्रंथच नाही, असे समजून तो घरी जाईल.

क्रॅनफिल्डपासून घेण्याजोगा धडा खर्चिक नाही. वाचकांनी देवघेवीच्या मेजावर प्रत्यक्ष विचारलेले पन्नास प्रश्न टिपून ठेवावेत. संग्रह ज्यांच्या हाताखालून गेला आहे, अशा जुन्या सेवकांकडून आणि जाणत्या सभासदांकडून प्रत्येकाची उत्तरे संगणकाला हात लावण्यापूर्वी लिहून घ्यावीत. त्यांत जुन्या लेखनाची शीर्षके असावीत, दोन अक्षरी शब्द असावेत, देऊळ-देवळासारखी रूपे असावीत. आणि ज्यांचे खरे उत्तर ‘आपल्याकडे नाही’ असे आहे, असेही काही प्रश्न असावेत, कारण वाटेल त्याला ‘आहे’ म्हणणारी सूचीही विश्वासास पात्र नव्हे. चाचणी तीन ओळींवर न घेता संपूर्ण नोंदींवर घ्यावी. प्रणालीत बदल झाला, नवी आवृत्ती आली, नोंदी एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेल्या, की तेच पन्नास प्रश्न पुन्हा विचारावेत आणि काल मिळालेले आज हरवले काय, ते पाहावे.

यात सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे ती उत्तरपत्रिका. यंत्र विकत मिळते, प्रणाली विनामूल्यही मिळते; पण कोणत्या प्रश्नाला कोणता ग्रंथ उत्तर देतो, हे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. त्यांच्या स्मृतीतली सूची कागदावर उतरली, तरच पुढे यंत्राच्या सूचीला कोणापुढे तरी उभे राहून आपला हिशेब द्यावा लागेल.